पाळणाघरवाल्या बायकांची संघटना हवी

पाळणाघरात लहान मुलाला मारहाण झाल्याची बातमी आली की आपल्याकडे ठरलेली चर्चा सुरू होते. एक गट कॅमेरे मागतो, दुसरा परवाना मागतो, आणि तिसरा विचारतो की आई मुळात नोकरीला गेलीच कशाला. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण उघडकीला आली तेव्हा हेच झालं, आणि पुढे अशी प्रत्येक बातमी याच तीन दारांवर जाऊन आदळली. तिसऱ्या गटाशी वाद घालण्यात मला रस नाही. मुंबई-पुण्यात घराचा हप्ता कोणाच्या पगारातून जातो हे त्यांनी आपल्याच सुनेला विचारावं. पहिल्या दोघांशी मात्र बोलायला हवं, कारण त्यांची काळजी खरी आहे आणि त्यांनी धरलेलं टोक चुकीचं.

माझं म्हणणं सरळ आहे. घरगुती पाळणाघरांतली मुलं सुरक्षित राहायची असतील, तर ती चालवणाऱ्या बायका आधी एकमेकींशी जोडल्या गेल्या पाहिजेत. वस्तीवस्तीत त्यांचे गट हवेत, गटांची मिळून संघटना हवी आणि तिचं नेतृत्व त्यांच्यातल्याच कोणीतरी करायला हवं. नोंदणी आणि तपासणीसुद्धा हवी, पण ती या गटांच्या आधाराने. या बायकांना वगळून केलेला नियम एक तर फायलीत पडून राहील, नाहीतर चांगल्या बाईला कामातून उठवेल.

आधी हे काम कसं चालतं ते पाहू. या पाळणाघरांना बहुतेकदा पाटी नसते. डोंबिवलीत, ठाण्यात, विरारला, पिंपरी-चिंचवडमध्ये एखाद्या जुन्या सोसायटीत तळमजल्यावर एक दार असतं, त्याला बाहेरून जाळीचा सेफ्टी डोअर. आत सतरंजी, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या गाद्या, ओट्यावर ओळीने डबे आणि झाकणांवर चिकटपट्टी लावून लिहिलेली नावं. कोणाला वरणभात मऊ कालवून लागतो, कोण नाचणीच्या पेजेशिवाय काही गिळत नाही, कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे काकूंना तोंडपाठ असतं. सकाळी आठच्या आत पहिलं मूल येतं. आई चपला न काढता दारातूनच ते हातात देते आणि स्टेशनकडे पळते. शेवटचं मूल कधी जाणार हे मध्य रेल्वेच्या हातात. पावसाळ्यात कळव्याच्या पुढे गाड्या अडकल्या की काकू त्या मुलाला आपल्यातच जेवायला बसवतात, आणि या जादा वेळेचे पैसे मागायचे की नाही हा प्रश्न दर वेळी दोन्ही बाजूंना अवघड करून जातो.

या अकरा-बारा तासांत ती बाई बहुतेक वेळा एकटी असते. सगळ्या चर्चेत नेमकी हीच गोष्ट कोणी बोलत नाही. एका मुलाची शी धुताना दुसरं खिडकीच्या कठड्यावर चढतं. तिला स्वतःला मोरीत जायचं असेल तर दोन मुलं झोपेपर्यंत थांबावं लागतं. ताप आला तर दोनच मार्ग: गोळी घेऊन काम रेटायचं, किंवा पहाटे सहाला फोन करून आठ आयांची रजा घालवायची. दुसऱ्या वेळी असा फोन गेला की महिनाअखेर एक-दोन मुलं कमी होतात. मुलांच्या जिवाला रोजचा धोका कशाचा असतो? भरलेल्या बादलीचा, गॅसवरून उतरवलेल्या कुकरचा, घशात अडकलेल्या दाण्याचा, दुपारी झोपेत चढलेल्या आणि लक्षात न आलेल्या तापाचा. यातला कुठलाच धोका दुष्टपणातून येत नाही. तो येतो मुलं जास्त आणि हात कमी असल्यामुळे. खारघरमध्ये जे घडलं तो गुन्हा होता, आणि ते पोलिसांचं काम. पण गुन्हेगार शोधण्याच्या भरात आपण थकलेल्या बाईकडे बघतच नाही, आणि आपली बहुसंख्य मुलं थकलेल्या बाईकडे आहेत.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहायला नको. खारघरच्या त्या पाळणाघरात कॅमेरा होता. त्याच्यामुळे पुरावा मिळाला हे मान्य, आणि ते काही कमी नाही. पण त्याने मार थांबवला नाही. ऑफिसात बसलेल्या आईने मोबाइलवर मूल रडताना पाहिलं तर ती काय करणार? फोन करणार. आणि तो फोन घ्यायला काकूंना रडणारं मूल खाली ठेवावं लागणार.

परवान्याची मागणी जास्त वजनदार आहे, तिला झटकून चालणार नाही. दोन खोल्यांत कोणी किती मुलं ठेवावीत, याची आज घरगुती पाळणाघरांना व्यवहारात कुठलीच मर्यादा नाही. भिंतीवर एखादा कागद असलाच तर तो शॉप अॅक्टचा, म्हणजे दुकाने आणि आस्थापनांच्या कायद्याचा. महाराष्ट्रात 2017 च्या या कायद्यानुसार मोजकेच कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेने फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. साड्यांना फॉल-पिको करणारी आणि आठ तान्ही मुलं सांभाळणारी, दोघींना एकच कागद. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तिसऱ्या वर्षापासूनच्या मुलांना शिक्षणाच्या चौकटीत आणलं, पण तीन वर्षांखालचं मूल दिवसभर शेजारच्या काकूंकडे असतं हे त्या चौकटीच्या बाहेरच राहिलं. तेव्हा नोंदणी हवी, याबद्दल माझं दुमत नाही.

प्रश्न आहे तो क्रमाचा. समजा, उद्या नियम आला: इतके चौरस फूट, दुसरं दार, अग्निशमन यंत्र, सोसायटीचं ना-हरकत पत्र. या शेवटच्या कलमावरच निम्मी पाळणाघरं बंद पडतील. सोसायटीच्या सभेत पाळणाघराचा विषय कसा निघतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे सांगायला नको. जिन्यात चपला, दुपारी रडणं, लिफ्टमध्ये बाबागाड्या, आणि मग "राहत्या जागेत धंदा" हे ब्रह्मास्त्र. गंमत म्हणजे याच सभेत हात वर करणाऱ्यांतल्या काहींची नातवंडं पलीकडच्या सोसायटीतल्या काकूंकडे असतात. मग परवाना कोणाला मिळेल? ज्याच्याकडे बंगला आणि भांडवल आहे त्याला. बाकीच्या काय करतील? काम सोडणार नाहीत, कारण त्यांना पैसा हवा आहे आणि आयांना त्या. त्या दार लावून घेतील. आज जे अर्धं दिसतं ते उद्या अजिबात दिसणार नाही, आणि काही विपरीत घडलं तर बोलायला कोणी धजावणार नाही, कारण पाळणाघर मुळातच बेकायदा.

उलट्या क्रमाने, म्हणजे आधी संघटना आणि मग नियम असं गेल्यावर काय होतं याची उदाहरणं शोधायला आपल्याला लांब जायला नको. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना बायका घरात जेवू घालत. दहा बाय बाराची खोली, पंधरा-वीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, पैसे महिन्याने. तोवर धान्य वाण्याकडून उधारीवर किंवा सावकाराच्या व्याजावर. या खानावळवालीला कोणी कामगार म्हणत नव्हतं, उद्योजक तर नाहीच. ती "घरच्या घरी चार माणसांचं करते" इतकंच. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या आणि नंतर मुंबईत कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, छोट्यांना कर्ज द्यायचं धोरण जाहीर होतं, पण एकट्या खानावळवालीला बँकेच्या दारात कोण उभं करणार? गट झाल्यावर बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि बँकेची दारं उघडली. सावकार सुटला, मग प्रशिक्षण आलं, केंद्र आलं. जेवण करणाऱ्या बाईच्या डोक्यावरचं व्याज उतरलं की ताटातल्या आमटीत पाणी घालायची वेळ येत नाही. अन्नाच्या दर्जाचा निरीक्षक नेमून हे साधलं असतं का?

पुण्यातल्या कचरावेचक बायकांचंही तसंच. 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना झाली, मग त्यांच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली, आणि 2008 पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था दारोदारचा कचरा गोळा करू लागली. आधी संघटना, मग ओळख, मग नियम आणि करार. कचऱ्याच्या बाबतीत हा क्रम आपण मान्य केला. मुलांच्या बाबतीत मात्र आपल्याला थेट निरीक्षक हवा असतो.

यावर पहिला आक्षेप असा की खानावळवाल्या आणि पाळणाघरवाल्या यांत फरक आहे. या बायका एकमेकींच्या प्रतिस्पर्धी आहेत, एकीचं मूल गेलं की दुसरीला मिळतं, त्या कशाला एकत्र येतील? खानावळवाल्याही एकाच चाळीतली गिऱ्हाईकं वाटून घेत होत्या, हे इथे विसरलं जातं. आणि पाळणाघरांच्या धंद्यात खरं नुकसान स्पर्धेने झालेलं नाही, एकटेपणातल्या स्पर्धेने झालं आहे. मागच्या गल्लीत कोणी पाचशे रुपये कमी घेतं हे कानावर आलं की काकू दर वाढवत नाहीत, मुलं वाढवतात. आठाची दहा होतात. अकराव्या मुलाची आई दारात रडवेली उभी राहते, प्रसूतीची रजा संपलेली असते, आणि काकू हो म्हणतात. त्या अकराव्या मुलाला "नाही" म्हणण्याची ऐपत कोणत्याही एकट्या बाईकडे नसते. दहा जणींचा गट असेल तर ती म्हणू शकते, माझ्याकडे जागा नाही, पण दोन इमारती सोडून ज्या ताई आहेत त्यांच्याकडे आहे, मी फोन करते.

माझ्या लेखी नेतृत्व म्हणजे हेच. आपल्याकडे नेतृत्वविकास म्हटलं की हॉटेलातलं शिबिर, प्रोजेक्टर आणि शेवटी प्रमाणपत्र डोळ्यांपुढे येतं. पाळणाघरांच्या जगात नेतृत्व आधीच आहे, फक्त त्याला कोणी नाव दिलेलं नाही. प्रत्येक भागात एक जुनी काकू असते, जिच्याकडून नव्या बायका विचारून जातात की दात येताना मूल चावायला लागलं तर काय करायचं, पैसे थकवणाऱ्या बापाला कसं सांगायचं, मूल अजून बोलत नाही हे आईच्या कानावर कोणत्या शब्दांत घालायचं. तिची भिशी असते, हळदीकुंकवाला तिच्याकडे चाळीस बायका येतात. त्या भिशीत पैसे फिरतात, तसे हातही फिरू शकतात. मंगळवारी एकीला दवाखान्यात जायचंय, तिची तीन मुलं हिच्याकडे, तीन तिच्याकडे. किंवा गटाने मिळून एक बदली मदतनीस ठेवायची, जी सात घरांत मुलांच्या ओळखीची असेल. महिन्याला एका रविवारी बालरोगतज्ज्ञाला बोलावून घशात घास अडकला तर काय करायचं हे बाहुलीवर शिकायचं. यासाठी कायदा लागत नाही. लागते ती बोलावणारी बाई, आणि तिच्या वेळेचे थोडे पैसे. ते पैसे महापालिकेच्या महिला व बालकल्याण निधीतून देता येतील, शिलाई मशीन वाटपातून उरलेच तर.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. संघटना आपल्या माणसांना पाठीशी घालतात. डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या, रिक्षावाल्यांच्या संघटनांचा अनुभव काय सांगतो? एखाद्या पाळणाघरात मूल भाजलं तर गट ते दाबून टाकणार नाही कशावरून? हा धोका आहे, आणि तो नाही असं म्हणणं भाबडेपणा होईल. म्हणूनच गुन्ह्याचा विषय गटाच्या हातात असताच कामा नये. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 75 नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने केलेली क्रूरता हा गुन्हा आहे, आणि लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणं हा पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, मग न कळवणारी शेजारीण असो की संघटनेची अध्यक्ष. गटाच्या समितीत पालकांचे दोन प्रतिनिधी असावेत, हेही मी मान्य करतो. पण आजची स्थिती काय आहे ते पाहा. आज एका काकूला दुसरीच्या घरात काय चाललंय हे कळलं तरी ती कोणाला सांगणार? पोलिसांत गेली तर शेजार तुटतो, गप्प बसली तर मूल मरतं. दर आठवड्याला एकमेकींच्या घरात जा-ये असलेल्या सात बायका ही वर्षातून एकदा, तेही आगाऊ कळवून येणाऱ्या निरीक्षकापेक्षा कडक नजर आहे. मुलाच्या दंडावरचा वळ त्यांना दिसतो, कारण तेच मूल परवा त्यांच्याकडे होतं.

सरकारने मुलं सांभाळणाऱ्या बायकांशी एकेकटं वागायचं ठरवलं की काय होतं हे अंगणवाडीने दाखवून दिलं आहे. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला अंगणात, कुरणात शाळा नेली. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. पण सेविकेला कामगार न म्हणता मानधनावर ठेवलं. पुढे तिने जे मिळवलं ते संपाने आणि कोर्टाने. ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केला तेव्हा मिळाला. यात मुलांचा काय संबंध, असं विचारणाऱ्यांनी 2021 आठवावं. पोषणाची माहिती भरायला दिलेले मोबाइल निकृष्ट, आणि अॅप इंग्रजीत. महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते फोन गोळा करून सरकारला परत केले. ज्या फोनवर बाळाचं वजन नीट भरता येत नाही तो आम्हाला नको, हे त्या सांगू शकल्या, कारण त्या मोर्चाने सांगत होत्या. डोंबिवलीतली एकटी काकू कुठला फोन कोणाला परत करणार?

तिसरा आक्षेप दराचा. संघटना झाली की फी वाढेल. हो, वाढेल. मुलं आठाची सहा झाली तर उरलेल्या सहांना जास्त द्यावे लागतील, आणि ज्या आईचा पगारच पंधरा-अठरा हजार आहे तिला ते परवडणार नाही. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढंच म्हणेन की ही रक्कम आजही कोणीतरी भरतंच आहे, काकू आपल्या कंबरेच्या दुखण्याने आणि मुलं आपल्या सुरक्षिततेने. ती उघड झाली तर निदान सरकारकडे आणि मालकांकडे बोट दाखवता येईल. आज तो हिशेब दोन बायकांमध्ये दाबून मिटवला जातो.

घरपण जाईल, पाळणाघराचं ऑफिस होईल, ही भीतीही लोक बोलून दाखवतात. फ्रान्समध्ये घरात मुलं सांभाळणाऱ्या बायकांना 1977 च्या कायद्याने व्यवसायाचा दर्जा मिळाला. मुलांची मर्यादा ठरली, पुढे 120 तासांचं प्रशिक्षण आलं, आणि स्थानिक केंद्रांत त्या मुलांना घेऊन एकत्र जमतात. तरीही मुलं वाढतात ती त्यांच्या घरातच, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या औपचारिक सांभाळात तिथे याच बायकांचा वाटा सर्वांत मोठा आहे. फ्रान्स श्रीमंत आहे असं म्हणाल तर कोलंबिया घ्या. तिथे 1986 पासून गरीब वस्त्यांतल्या बायका सरकारी योजनेत शेजारची मुलं आपल्या घरी सांभाळत होत्या. सरकार त्यांना सेवाभावी आया म्हणत असे आणि तुटपुंजं मानधन देत असे, आपल्या अंगणवाडीसारखंच. त्यांनी संघटना केली, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि 2014 मध्ये त्यांना किमान वेतनाचा करार मिळाला. त्यांची घरं घरंच राहिली.

आता पैशाकडे येतो, कारण शेवटी सगळं तिथे अडतं. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि तीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये आली. दोन्हीकडे हे पाळणाघर कामाच्या जागेपासून ठराविक अंतरावर असावं, असं धरलेलं आहे. बदलापूरहून नरिमन पॉइंटला जाणारी बाई सकाळच्या फास्ट लोकलच्या डब्यात दहा महिन्यांचं मूल घेऊन चढेल, अशी कल्पना ज्याने केली तो त्या डब्यात कधी चढलेला नसावा. तिला पाळणाघर हवंय ते घराजवळ. संहितेत मालकांना सरकारी, पालिकेच्या, खासगी किंवा संस्थांच्या सामाईक पाळणाघराची सोय घेण्याची मुभा आहे. तेव्हा राज्य सरकारने नियमांत हे अंतर आईच्या घरापासून मोजायची मुभा द्यावी, आणि कंपनीने आपला वाटा तिथे भरावा. पण कंपनीचं एचआर खातं कोणाशी करार करणार? पावतीपुस्तक नसलेल्या, आजारी पडली तर बदली नसलेल्या, खातं नवऱ्याच्या नावावर असलेल्या एकट्या काकूंशी ते बोलणारसुद्धा नाही. बदलापूर पूर्वेच्या तीस पाळणाघरांचा नोंदलेला गट असेल, त्याचं बँकेत खातं असेल आणि सही करायला त्यांच्यातलीच एक अध्यक्ष असेल, तर बोलावं लागेल.